उन्हाळ्यातली तुरुमती : घरट्याजवळ न जाता घरटं कसं वाचावं

संक्रांतीनंतर दख्खनच्या पठारावर ऊन चढू लागतं, रब्बीची ज्वारी पिवळी पडते, आणि बहुतेक पक्षीनिरीक्षक दुर्बिणी गुंडाळून ठेवतात. हिवाळी पाहुणे परतीच्या वाटेला लागलेले असतात, पाणथळी आटायला लागतात. नेमक्या याच दिवसांत आपल्याकडचा एक छोटा, देखणा ससाणा संसार मांडतो. तो म्हणजे तुरुमती, लाल डोक्याचा ससाणा. जानेवारी ते मे हा तिचा विणीचा काळ. या पाच महिन्यांत एकाच जोडीकडे नियमाने लक्ष ठेवलं, तर शिकारी पक्ष्याचं आयुष्य जितकं कळतं, तितकं वर्षभर ठिकठिकाणी फिरूनही कळत नाही.

तुरुमती मुख्यतः भारतीय उपखंडातली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ती संकटाच्या जवळ पोचलेल्या पक्ष्यांमध्ये मोडते. तिला पाहण्याची हौस असणाऱ्याने म्हणूनच एक गोष्ट पहिल्या दिवशीच मनाशी पक्की करावी. घरट्यात काय चाललंय हे जाणून घ्यायला घरट्यापाशी जावं लागत नाही. नर कुठून येतो, मादी कधी उठते, किती वेळ बाहेर राहते, भक्ष्य कोण कुणाला देतं, एवढं लांबून पाहिलं तरी अंडी आहेत की पिल्लं, पिल्लं लहान आहेत की उडायला आलेली, हे सगळं समजतं. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे.

आधी ओळख पक्की करा

तुरुमती साधारण कबुतराएवढी, ३० ते ३६ सेंटीमीटर लांबीची. डोकं आणि मान विटकरी-तांबूस, डोळ्याखाली तशीच तांबूस मिशी. पाठ निळसर राखाडी, तिच्यावर बारीक काळे पट्टे. पोट पांढरं, त्यावरही आडवे पट्टे. शेपटीच्या टोकाशी रुंद काळा पट्टा आणि त्याला पांढरी किनार. पाय पिवळे, डोळ्याभोवती पिवळं कडं, डोळे मात्र गडद. नर-मादी रंगाने सारखेच, पण मादी चांगलीच मोठी. दोघं शेजारी बसली की फरक लगेच दिसतो. एकटा पक्षी पाहून नर की मादी हे ठरवण्याची घाई करू नका.

गफलत सर्वांत जास्त होते ती शिक्र्याशी. शिक्र्याचे पंख आखूड आणि गोलसर, तुरुमतीचे लांब आणि टोकदार. प्रौढ शिक्र्याचा डोळा लालसर-केशरी किंवा पिवळा असतो, ससाण्याचा गडद. शिक्रा चार-पाचदा पंख मारतो आणि तरंगतो, मग पुन्हा पंख मारतो. तुरुमती झपाझप पंख मारत सरळ रेषेत, बरेचदा झाडांच्या उंचीच्याही खालून निघून जाते. कापशी घार पांढरी-राखाडी, लाल डोळ्यांची आणि हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणारी. खरूचीही तशीच हवेत थांबते, पण तिची पाठ विटकरी-तपकिरी आणि काळ्या ठिपक्यांची असते. सपाटीवर ती मुख्यतः हिवाळ्यात दिसते. अमूर ससाणा तर आपल्याकडचा वाटसरू. त्याची वीण ईशान्य चीन आणि रशियाच्या अतिपूर्वेकडच्या भागात होते. तेव्हा एप्रिलच्या उन्हात पठारावर लाल डोक्याचा, टोकदार पंखांचा, पट्टेदार पोटाचा छोटा शिकारी पक्षी जोडीने दिसला, तर तो तुरुमतीच असण्याची शक्यता फार मोठी.

कुठे शोधायचं

घाटमाथ्याच्या पूर्वेला उतरलं की तिचा प्रदेश सुरू होतो. पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, सोलापूर, अहिल्यानगर, नाशिकचा पूर्वेकडचा सपाट भाग, मराठवाडा. दाट जंगल तिला नको असतं. उघडं माळरान, कोरडवाहू शेती, मधूनमधून उंच जुनी झाडं आणि जवळपास पाणवठा, असा मुलूख तिला मानवतो. भिगवण, इंदापूरजवळचं कडबनवाडीचं गवताळ रान, सोलापूरजवळचं नान्नज, निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर या ठिकाणी पक्षीनिरीक्षकांना ती दिसत आलेली आहे. पण तुमच्या गावच्या शिवारातही ती असू शकते, आणि रोज जाता येईल अशी जागा दूरच्या प्रसिद्ध जागेपेक्षा कधीही चांगली.

शोध तुरुमतीचा घेऊ नका, कावळ्यांच्या जुन्या घरट्यांचा घ्या. ससाणे स्वतः घरटं बांधत नाहीत. काटक्या गोळा करणं, विणणं हे त्यांच्या स्वभावात नाही. तुरुमती बहुतेक वेळा कावळ्याने गेल्या हंगामात बांधलेलं घरटं वापरते, कधी घारीचं, तर कधी ताडाच्या शेंड्यातली जागा. आपल्याकडे कावळे साधारण एप्रिल ते जूनमध्ये वीण करतात. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत त्यांची जुनी घरटी रिकामी असतात आणि तुरुमतीला आयती मिळतात. शिवारातल्या वड, पिंपळ, चिंच, आंबा, निलगिरी अशा उंच झाडांवरची, विजेच्या मनोऱ्यांवरचीही अशी घरटी डिसेंबरमध्येच टिपून ठेवा. मग जानेवारीपासून त्या झाडांच्या परिसरात सकाळी फेरी मारायची.

शेतकऱ्यांना विचारा, पण नाव सांगून नव्हे, वागणूक सांगून. ‘‘काका, तुमच्या चिंचेवर घारीच्या मागं लागणारं, किर्र ओरडणारं बारकं पाखरू दिसतं का?’’ असं विचारलं की उत्तर मिळतं. तुरुमती ज्या झाडावर बसते, तिथून घार किंवा कावळा गेला की ती त्याच्यावर तुटून पडते. हे शेतात राबणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. बांधावर बसायचं तर मालकाची परवानगी आधी घ्या. ती मिळाली की तुमच्या माघारी झाडावर लक्ष ठेवणारा एक माणूसही मिळतो.

संक्रांत ते शिवरात्र : जोडी जमते

या दिवसांत दोघं एकमेकांजवळ दिसू लागतात. झाडाच्या शेंड्यावरच्या वाळक्या फांदीवर बसतात, एकमेकांमागे वेगाने उडतात, तीक्ष्ण आवाजात पुन्हा पुन्हा ओरडतात. नर भक्ष्य आणून मादीला देतो. हे देणं लाडापुरतं नसतं. पुढचे कित्येक आठवडे मादी त्याच्याच शिकारीवर जगणार आहे, आणि तो तेवढं आणू शकतो की नाही याची ती जणू आधीच खात्री करून घेते.

जोडीने शिकार करणं ही तुरुमतीची खासियत, आणि ती पाहायला हे दिवस उत्तम. ज्वारीची काढणी सुरू झालेली असते, खळ्यावर चिमण्यांचे थवे उतरतात, कापलेल्या रानात चंडोल आणि तिरचिमण्या उघड्यावर येतात. एक पक्षी जमिनीलगत वेगाने जाऊन थवा उठवतो, दुसरा वरून किंवा बाजूने येऊन थव्यातून फुटलेल्या पाखरावर झेप घालतो. पहिल्याचा नेम चुकला तरी पाखरू दुसऱ्याच्या वाटेत येतं. तिचं बहुतेक भक्ष्य म्हणजे असे छोटे पक्षी, आणि तेही हवेत पकडलेले. संध्याकाळी पाकोळ्या आणि लहान वटवाघळांवरही ती झेपावते. म्हणून शेवटचा उजेड जाईपर्यंत थांबायची तयारी ठेवा.

पकडलेलं पाखरू ससाणा चोचीने मानेवर चावा घेऊन मारतो. वरच्या चोचीच्या कडेला त्यासाठी दातासारखा एक कंगोरा असतो. शिक्रा मात्र नखांच्या पकडीने मारतो. हा फरक वरवरचा नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पक्ष्यांच्या मोठ्या जनुकीय अभ्यासातून ससाण्यांचं नातं गरुड-घारींपेक्षा पोपटांशी अधिक जवळचं असल्याचं पुढे आलं.

या टप्प्यात तुमचं काम एवढंच : जोडी कोणत्या झाडाभोवती सर्वांत जास्त वेळ काढते आणि कोणत्या घरट्यात मादी वारंवार जाऊन बसते, ते लांबून ठरवणं. हा सर्वांत नाजूक काळही आहे. अंडी घालण्याआधी त्रास झाला तर जोडी झाड सोडून देते, आणि आपल्यामुळे ती गेली हे आपल्याला कळतही नाही.

होळीच्या सुमारास : मादी दिसेनाशी होते

एक दिवस मादी फांदीवर दिसत नाही. नर एकटाच आसपास असतो. नवख्या निरीक्षकाला वाटतं, जोडी मोडली. खरं तर अंडी घातली गेलेली असतात. बहुधा ३ ते ५ अंडी असतात आणि ती उबवायला सुमारे ३२ ते ३४ दिवस लागतात. उबवण्याचं काम मुख्यतः मादीच करते. प्रदेश आणि वर्ष बदललं की हे वेळापत्रक काही आठवडे मागेपुढे होतं. म्हणून कॅलेंडरपेक्षा वागणुकीवर भरवसा ठेवा.

हा काळ पाहणाऱ्याची परीक्षा घेतो. तासन्‌तास काही घडत नाही, आणि मग पाच मिनिटांत सगळं घडून जातं. नर पायात भक्ष्य घेऊन येतो, पण थेट घरट्यावर जात नाही. थोड्या अंतरावरच्या वाळक्या फांदीवर उतरतो. तिथे डोकं आणि पंखांची पिसं उपटून टाकतो. वाऱ्यावर पिसं तरंगत खाली येताना दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात. मग हाक देतो. घरट्याच्या काठावर आधी तांबूस डोकं वर येतं, मग मादी उठते, झपकन त्या फांदीवर जाते आणि चोचीने किंवा पायाने भक्ष्य ओढून घेते. ती खात असताना कधीकधी नर जाऊन अंड्यांवर बसतो. मादी खाणं आटोपते, चोच फांदीला घासून पुसते, पंख ताणते आणि परत घरट्यात जाते. क्षणात सगळं पुन्हा निपचित.

या फांदीची नोंद करून ठेवा, कारण नर तीच फांदी पुन्हा पुन्हा वापरतो. वीण संपल्यावर तिच्याखाली पिसं आणि ससाण्याने तोंडावाटे टाकलेल्या न पचलेल्या हाडा-पिसांच्या गोळ्या सापडतात. त्यांवरून जोडीने काय खाल्लं हे कळतं. मात्र ती गोळा करायला पिल्लं उडून परिसर सोडेपर्यंत जायचं नाही.

अंड्यांच्या बाबतीत आपल्याकडचा धोका थंडीचा नाही, उन्हाचा आहे. उबवणुकीसाठी अंड्याला साधारण ३७-३८ अंश तापमान लागतं. थोडा वेळ अंडं गार झालं तर ते बरेचदा निभावून जातं, पण ४१-४२ अंशांच्या पुढे तापलं की आतला जीव लवकर मरतो. सोलापूर-मराठवाड्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवाच चाळिशीला टेकलेली असते आणि कावळ्याच्या उघड्या घरट्यावर ऊन थेट पडतं. तेव्हा मादी घरट्यात बसलेली असते ती बरेचदा सावली धरायला. तुमच्या येण्याने ती दहा मिनिटं जरी उठली, तरी अख्खी वीण जाऊ शकते. शिवाय उघडं घरटं दिसायची वाट कावळे पाहतच असतात. म्हणून सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत घरट्याच्या परिसरात फिरकूच नये. तुमच्याही तब्येतीला ते बरं.

पाडव्यानंतर : पिल्लांची चाहूल

पिल्लं बाहेर आली हे लांबून ओळखण्याच्या चार खुणा आहेत.

पहिली, मादी भक्ष्य घेते पण फांदीवर बसून सगळं खात नाही, त्याचा भाग घरट्यात नेते. दुसरी, घरट्याच्या काठावर ती मान खाली घालून पुन्हा पुन्हा हलताना दिसते. बारीक तुकडे तोडून भरवण्याची ती हालचाल असते. तिसरी, नराच्या फेऱ्या वाढतात. चौथी काही दिवसांनी दिसते : पिल्लं मोठी होऊ लागली की घरट्याबाहेर शिटतात आणि खालच्या पानांवर, फांद्यांवर पांढरे ओघळ उमटतात.

सुरुवातीला मादी बहुतेक वेळ पिल्लांजवळच असते. दुपारी उन्हाच्या बाजूला उभी राहून पंख सैल पसरते आणि पिल्लं तिच्या सावलीत दाटीवाटीने बसतात. पिल्लांना पिसं फुटू लागली की तीही शिकारीला निघते. मग भक्ष्य दोन बाजूंनी येऊ लागतं आणि घरटं अधिक वेळ एकटं राहतं.

नेमक्या याच सुमारास कावळ्यांचा स्वतःचा वीणकाळ सुरू होतो. जुन्या झाडांवर काटक्या घेऊन ते येऊ लागतात आणि झाडावर रोज भांडणं होतात. तुरुमती आकाराने कावळ्यापेक्षा लहान, पण वेगाने कैकपटीने सरस. वरून सूर मारून ती कावळ्याच्या पाठीशी जाते आणि त्याला शेताच्या पार घालवून येते. घार असो की कुत्रं, झाडाजवळ आलेल्या कुणालाही ती सोडत नाही. या लढाया पाहायला मिळणं ही मोठी पर्वणी. पण एवढं ध्यानात ठेवा की प्रत्येक लढाईत तिची ताकद खर्च होते. तुम्हाला पाहून ती लढायला उठत असेल, तर तुम्ही फार जवळ आहात.

वळिवाचा पाऊसही याच दिवसांत येतो. वादळी वाऱ्याने जुनी घरटी फाटतात, फांद्या मोडतात. वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लांबून एक फेरी जरूर मारा.

अक्षय्य तृतीया ते मृग : पिल्लं उडतात

अंड्यातून बाहेर आल्यापासून साधारण पाच आठवड्यांत पिल्लं उडतात. त्याआधीचे काही दिवस ती घरट्याच्या काठावर उभी राहून पंख मारतात, शेजारच्या फांदीवर उतरतात, परत येतात. उडालेली पिल्लं ओळखणं सोपं. डोक्याचा तांबूस रंग मळकट, पाठीवर तपकिरी झाक, पोटावरचे पट्टे पुसट, आणि तोंडाने अखंड भुकेचा आक्रोश.

मे महिन्याचा हा टप्पा बघणाऱ्यासाठी सर्वांत आनंदाचा. पिल्लं झाडांच्या रांगेत इकडून तिकडे उडतात, एकमेकांचा पाठलाग करतात, पाकोळ्यांमागे लागतात आणि हात हलवत परततात. आई-बाप भक्ष्य घेऊन आले की पिल्लं उडत सामोरी जातात. सुरुवातीला फांदीवर दिलं जाणारं भक्ष्य पुढे हवेतच पिल्लाच्या पायात दिलं जातं. घरट्यातून निघाल्यावरही काही आठवडे पिल्लं आई-बापाच्या जिवावरच असतात. त्यामुळे पिल्लं उडाली म्हणजे हंगाम संपला असं समजून झाडाखाली जाऊ नका. पहिले काही दिवस ती जमिनीवर, बांधावर, तारेवर कुठेही उतरतात, आणि मोकाट कुत्री व मांजरं यांचा धोका तेव्हाच सर्वांत मोठा असतो.

मृगाच्या आसपास पहिला पाऊस झाला की कुटुंब पांगतं. तुमचा हंगाम तिथे संपला.

किती लांब, कसं बसायचं

उघड्या माळावर पहिल्या भेटीत दोनशे मीटरच्या आत जाऊ नका. जोडी सवयीची झाली तरी शंभर मीटरची मर्यादा पाळा. ८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण यासाठी पुरेशी आहे. तिपाईवरचा टेलिस्कोप असेल तर दुधात साखर. तो नसला तरी काही अडत नाही, कारण जे वाचायचं आहे ते पिसांचे बारकावे नसून जाण्यायेण्याचा क्रम आहे.

सूर्योदयाआधी पोचा, नऊ-साडेनऊला निघा. संध्याकाळी साडेचारनंतर परत या. सूर्य पाठीशी घ्या. दुसऱ्या झाडाच्या सावलीत, बांधाच्या आडोशाला किंवा उभ्या गाडीतच बसा. मातकट कपडे घाला. एकदा बसलात की उठबस करू नका, आणि येण्याजाण्याची वाट रोज तीच ठेवा. दोघांपेक्षा जास्त जण नकोत. पाणी, टोपी आणि पायांत बूट हवेत. उन्हाळी बांधावर सापही असतात.

रस्त्याकडेच्या झाडावर घरटं असेल तर धावत्या गाड्या पक्ष्यांना सवयीच्या असतात. थांबून वर बघणारा माणूस मात्र सवयीचा नसतो. तिथेही अंतर तेवढंच ठेवा.

पक्षी अस्वस्थ झाल्याच्या खुणा पाठ करा. मादी घरट्यात अर्धवट उठून मान ताणून तुमच्याकडे पाहते. जोडीपैकी एक जण सतत ओरडत राहतो. नर भक्ष्य पायात धरून लांबच्या फांदीवर बसून राहतो, हाक देत नाही, किंवा घिरट्या घालत राहतो. यातली शेवटची खूण सर्वांत जास्त नजरेआड होते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. घरट्यात पिल्लं भुकेली असताना बाप तुमच्या जाण्याची वाट पाहत असतो. दहा मिनिटांत तो खाली आला नाही, तर सामान उचला आणि मागे सरका.

रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायचा नाही. ड्रोन उडवायचा नाही. घरटं नीट दिसावं म्हणून डहाळी छाटायची नाही. झाडावर चढायचं नाही, कुणाला चढवायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं येतं. म्हणजे बंदुकीची गोळी आणि घरट्यापाशी केलेली छेडछाड कायद्याने एकाच कलमात बसवली आहे.

टिपणवही ठेवा

स्मरणशक्तीवर विसंबू नका. तारीख, वेळ, हवामान, कोण, कुठून, काय घेऊन आला, मादी किती वेळ बाहेर होती, एवढं जागेवरच लिहा. नोंद अशी असावी :

‘६.५०. नर पूर्वेकडून आला, पायात छोटा पक्षी. लिंबाच्या वाळक्या फांदीवर बसला, पिसं उपटली. ७.०२. हाक दिली. मादी घरट्यातून आली, भक्ष्य घेतलं, तिथेच खाल्लं. नर घरट्यावर. ७.१३. मादी परत घरट्यात, नर शेताकडे गेला. वारा नाही, आभाळ स्वच्छ.’

या एका नोंदीवरून कळतं की अंडी आहेत, पिल्लं अजून नाहीत. काही आठवड्यांनी लिहिलेली ‘मादीने अर्धं भक्ष्य घरट्यात नेलं’ ही नोंद पुढची गोष्ट सांगते. अशा नोंदी सलग असल्या की अंडी घालण्याचा आणि पिल्लं उडण्याचा अंदाज मागे-पुढे मोजून बांधता येतो. जे घडलं नाही तेही लिहा. ‘दीड तास कुणीच आलं नाही’ ही सुद्धा माहिती आहे.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करत असाल तर विणीची वागणूक नोंदवण्यासाठी तिथे वेगळे संकेत आहेत : वापरात असलेलं घरटं, पिल्लांना भरवणं, नुकतीच उडालेली पिल्लं वगैरे. ते वापरा. पण नोंद पिल्लं उडून गेल्यावर टाका आणि जागा म्हणून नेमकं झाड न दाखवता गावाचा किंवा परिसराचा ढोबळ ठिकाणा द्या.

छायाचित्र आणि ठावठिकाणा

घरट्यातल्या पक्ष्याचे फोटो काढू नका, काढले तर पसरवू नका. पक्षीनिरीक्षकांचे अनेक गट असे फोटो स्वीकारत नाहीत, आणि ते योग्यच आहे. एक फोटो प्रसिद्ध झाला की पुढच्या रविवारी त्या झाडाखाली गाड्यांची रांग लागते. फांदीवर बसलेला नर, हवेतला पाठलाग, उडती पिल्लं यांचे फोटो कितीतरी जिवंत येतात आणि त्यांनी कुणाचं नुकसान होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवताना त्याच्यासोबत ठिकाणाची माहिती जात नाही ना, हे तपासा.

पिल्लू खाली सापडलं तर

अंगावर पिसं आली आहेत, डोळे तेज आहेत, पंख दोन्ही सारखे आहेत, तर ते बहुधा उडायला शिकणारं पिल्लू. त्याला घरी आणायचं नाही. कुत्री-मांजरं हाकला, टॉवेलने अलगद उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांब जाऊन आई-बाप येतात का पाहा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकून देत नाहीत.

अंगावर नुसती पांढरी लव आहे, किंवा जखम दिसते, पंख लोंबतो आहे, तर हवा जाईल अशी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड पसरून ते ठेवा. खोकं सावलीत, शांत, अंधाऱ्या जागी. दूध, भात, चपाती काही भरवू नका, चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर लगेच कळवा. पिल्लू कुठल्या झाडाखाली मिळालं हे नीट सांगा, म्हणजे बरं झाल्यावर त्याला तिथेच परत नेता येतं. हौसेने पाळणं हा गुन्हा आहे, आणि त्या पिल्लावर अन्यायही.

झाड राखा

तुरुमतीला जगायला तीन गोष्टी लागतात : उघडं रान, छोटे पक्षी आणि कावळ्याचं जुनं घरटं पेलणारं उंच झाड. रस्ते रुंद होताना कडेचे वड-चिंचा जातात, बांध कोरताना आंबा जातो, विजेच्या तारांखालची छाटणी ऐन मार्च-एप्रिलमध्ये होते. यातलं सगळं आपल्या हातात नाही, पण काही नक्की आहे.

तुमच्या जोडीचं झाड कुणाच्या मालकीचं आहे ते शोधा आणि त्या घराशी ओळख ठेवा. आंबा, चिंच यांसारखी झाडं खासगी जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, तसा १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. शहरी भागात ५० वर्षांहून जुन्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला आहे. झाड तोडण्याची नोटीस लागली तर हरकत घेताना तुमची टिपणवहीच पुरावा होते : या झाडावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत तुरुमतीची वीण झाली. ग्रामपंचायतीला आणि वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयाला जानेवारीआधीच लेखी कळवा की या झाडांची छाटणी पावसाळ्यानंतर, डिसेंबरच्या आत करावी. छाटणाऱ्यांना सांगा की कावळ्याचं जुनं घरटं रिकामं दिसलं तरी पाडू नका. ते पुढच्या हंगामातलं ससाण्याचं घर असू शकतं.

आणि गावातल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला दुर्बीण धरायला शिकवा. तुरुमती एकाच परिसरात पुन्हा येण्याची शक्यता असते. एका माणसाच्या एका हंगामाच्या नोंदीपेक्षा गावाने सलग काही वर्षं राखलेली वही त्या पक्ष्याला जास्त उपयोगी पडते. यंदा एक झाड निवडा, मालकाची परवानगी घ्या, वहीवर तारीख घाला आणि सुरुवात करा.